पंचेचाळीस इंच पन्ह्याचे शिफॉन: बडोद्याच्या इंदिराराजे आणि युरोप

सन्माननीय अध्यक्ष, मंडळाच्या कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे जमलेल्या बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

परदेशात आपला पोशाख कसा टिकला आणि कसा बदलला, याविषयी बोलावे असे मंडळाने मला सुचवले, तेव्हा मी एकच व्यक्ती निवडली. माझा जन्म बडोद्याचा. दांडिया बाजारातल्या मराठी घरांमध्ये गायकवाड घराण्याविषयी जे बोलले जाई ते ऐकत मी मोठी झाले आणि त्या बोलण्यात एक नाव थोडा आवाज खाली आणून घेतले जात असे. ते नाव म्हणजे इंदिराराजे, महाराज सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई यांची एकुलती एक कन्या, पुढे बंगालमधल्या कूचबिहार संस्थानच्या महाराणी इंदिरादेवी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडन आणि पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात ज्या भारतीय स्त्रीच्या पेहरावाकडे सगळ्यांच्या नजरा वळत, ती स्त्री मराठी घरात वाढली होती, ही गोष्ट आज आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांची कन्या मात्र सर्वांना ठाऊक आहे. फिकट रंगाची शिफॉनची साडी, गळ्यात मोत्यांचा सर आणि डोक्यावर अलगद घेतलेला पदर, असे जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवींचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामुळे शिफॉन म्हटले की राजस्थान, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे. शिफॉनची साडी प्रथम नेसू लागल्या त्या आपल्या आई, असे गायत्रीदेवींनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रेशमी साडीपेक्षा ती हलकी आणि थंड, सुती साडीपेक्षा समारंभाला अधिक शोभणारी, हा त्यामागचा विचार होता आणि त्यासाठी इंदिरादेवींनी पॅरिसमधल्या एका पेढीकडून पंचेचाळीस इंच पन्ह्याचे कापड मिळवण्याची व्यवस्था केली.

या पन्ह्यापाशी, म्हणजे कापडाच्या रुंदीपाशी, मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. युरोपातला पोशाख कापून, जोडून, शिवून तयार होतो. कापड अरुंद असले तरी शिंपी दोन तुकडे जोडतो आणि शिवण चुणीत लपवतो. साडीला हे चालत नाही. साडी म्हणजे मागावरून उतरलेला अखंड लांब पट्टा. त्याचा पन्हा कमरेपासून घोट्यापर्यंत पुरला नाही, तर कापड कितीही तलम आणि कितीही महाग असो, त्याची साडी होत नाही. म्हणजे पॅरिसचे शिफॉन आवडलेल्या भारतीय स्त्रीपुढे दोनच मार्ग होते. त्या कापडाचा पाश्चात्त्य झगा शिवून घ्यायचा, किंवा ते कापड आपल्या साडीच्या मापाचे करून मागायचे. इंदिराराजेंनी दुसरा मार्ग धरला. फॅशनच्या राजधानीत जाऊन तिथल्या धंद्याला आपले माप सांगणे ही त्या काळातल्या गुलाम देशातल्या स्त्रीसाठी लहान गोष्ट नव्हती.

हे धैर्य एका रात्रीत आलेले नव्हते. ज्या घरात त्या वाढल्या, त्या घरात सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. आई चिमणाबाई स्वतः नऊवारी नेसणाऱ्या, पण भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ सिद्ध करून १९११ साली प्रसिद्ध करणाऱ्या आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. मुलीला शाळा होती, शिक्षण होते, आईवडिलांबरोबर युरोपचे प्रवास होते. तरीही तिचे लग्न घरच्यांनीच ठरवले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे हे तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली पत्नी हयात होती. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी सगळी संस्थाने एकत्र आली. त्या दरबारात सयाजीरावांनी बादशहाला रिवाजाप्रमाणे नमन केले नाही म्हणून इंग्रजांनी मोठा गहजब केला, हे आपण वाचलेले आहे. त्याच दिल्लीत इंदिराराजेंची कूचबिहारच्या राजकुमार जितेंद्र नारायण यांच्याशी ओळख झाली आणि ठरलेले लग्न आपल्याला करायचे नाही, हे पत्र त्यांनी माधवरावांना स्वतःच्या हाताने लिहून पाठवले. आईवडिलांना याची वार्ता लागली ती ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा. १९१३ साली लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने त्यांचा विवाह झाला आणि त्याला आईवडील उपस्थित राहिले नाहीत. माझ्या लहानपणी आवाज खाली येई तो इथे.

कूचबिहारच्या घरालाही युरोपची ओळख होती. सासूबाई सुनीतीदेवी म्हणजे ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची कन्या. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला त्या लंडनमध्ये होत्या. शिवाय बंगालच्या सुशिक्षित घरांमध्ये साडी नेसण्याची जी नवी पद्धत रूढ झाली होती, तिचा एक धागा आपल्या मुंबईत सापडतो. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत राहत असताना त्यांनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरफार केले आणि आत परकर, अंगात पोलके, पुढे निऱ्या अशी ती पद्धत बंगालमध्ये नेली. आज आपण जिला गोल साडी म्हणतो, ती याच वळणाची आहे. चिमणाबाईंच्या कासोट्याच्या नऊवारीपासून मुलीच्या गोल साडीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला, आणि शिफॉन शोभते ते या दुसऱ्या वळणातच, कारण कासोट्याच्या ताणापेक्षा मोकळ्या सोडलेल्या निऱ्यांत ते कापड खुलते.

युरोपही नेमक्या त्याच वेळी अशा वस्त्रासाठी तयार झाला होता. कमर आवळणारी अंतर्वस्त्रे मागे पडत होती. पॅरिसमध्ये मादाम व्हिओने यांच्यासारख्या कलावंत कापड तिरपे कापून ते अंगावरून पाण्यासारखे ओघळेल असे पोशाख करत होत्या. त्यासाठी त्या जी हातोटी वापरत, ती साडीत जन्मजातच असते. एखाद्या मेजवानीत एक स्त्री शिवणीचा टाकाही नसलेले वस्त्र नुसत्या हाताने चापूनचोपून नेसून येते आणि ते तिच्या चालीबरोबर हलते, हे पाहणाऱ्याला काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पुढे १९३५ साली पॅरिसच्या स्कियापारेली यांनी साडीवरून सुचलेले पोशाखच बाजारात आणले. त्यांच्यापुढे कपूरथळ्याच्या सीतादेवी, म्हणजे पॅरिसमध्ये राजकुमारी करम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणीचे उदाहरण होते.

डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्र नारायण लंडनमध्ये वारले. इंदिरादेवी तेव्हा तीस वर्षांच्या होत्या आणि पाच मुले पदरात होती. भारताकडे परतणाऱ्या बोटीवर आई पांढऱ्या वस्त्रात होती, पुष्कळ रडत होती आणि आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेत होती, एवढे त्यावेळी तीन वर्षांच्या असलेल्या गायत्रीदेवींना आठवत होते. त्या काळच्या महाराष्ट्रात विधवा म्हणजे काय होते, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. आलवणातल्या आज्या, पणज्या आपल्या अनेकांच्या घरांत होऊन गेल्या. इंदिरादेवींनी अल्पवयीन थोरल्या मुलाच्या वतीने कूचबिहारचा कारभार हाती घेतला आणि १९३६ पर्यंत तो चालवला. त्याच वर्षांत त्या लंडनमध्ये वावरल्या, इंग्लंडच्या मेल्टन मोब्रे भागात घर घेऊन हिवाळ्यातल्या शिकारीच्या मोसमात राहिल्या, फ्रान्सच्या ल तुके येथील जुगारगृहांतही दिसल्या. ज्या स्त्रीने पुन्हा कधी नटू नये अशी समाजाची अपेक्षा होती, तीच स्त्री सर्वांत उत्तम पेहराव करणाऱ्यांमध्ये गणली जाऊ लागली. त्यांच्या खर्चाविषयी आणि जुगाराविषयी ज्यांना आक्षेप आहे, त्यांचा आक्षेप मी समजू शकते. तो पैसा अखेर रयतेचा होता. परंतु वैधव्यानंतर रंग, रेशीम आणि मोती अंगावर ठेवण्याचा जो निर्णय त्यांनी घेतला, तो मी मनापासून मानते.

आता त्यांच्या जोड्यांविषयी सांगते. इटलीचे साल्वातोरे फेरागामो अमेरिकेत चित्रपटतारकांची पादत्राणे करून १९२७ साली मायदेशी परतले आणि फ्लॉरेन्समध्ये त्यांनी आपला कारखाना काढला. इंदिरादेवी त्यांच्या ग्राहक होत्या आणि एकदा त्यांनी एकाच वेळी शंभर जोड करायला सांगितले. त्यांतल्या काहींवर रत्ने बसवायची होती आणि त्यासाठी लागणारे मोती व हिरे त्यांनी आपल्या स्वतःच्या संग्रहातून पाठवून दिले. एक जोड हिरव्या मखमलीचा होता आणि त्याच्या टाचेभोवती मोत्यांची माळ वेढे घेत वर चढवायची होती. मोती म्हणजे बडोद्याच्या लेकीच्या ओळखीची वस्तू. गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार जगभर प्रसिद्ध होता. मोती आपण गळ्यात, नाकात आणि कानांत घालतो. टाचेवर मोती चढवण्याची कल्पना ऐकून आजीबाईंनी कपाळावर हात मारला असता. पण साडी नेसलेली स्त्री चालू लागली की निऱ्या किंचित उचलल्या जातात आणि क्षणभर टाच दिसते. युरोपातल्या झग्याखाली जे दिसलेच नसते किंवा सतत दिसत राहिले असते, ते साडीखाली क्षणभर चमकून जाते. हे ज्या बाईने जाणले, तिची नजर किती बारीक असेल! कापड पॅरिसचे, जोडा फ्लॉरेन्सचा, मोती घरचे आणि या सगळ्याचे माप मात्र साडीचे.

हीच चोखंदळ वृत्ती त्यांच्या घरातही होती. लझान्या हा इटालियन पदार्थ मुळात कसा लागतो हे कळावे म्हणून त्यांनी आपल्या आचाऱ्याला रोममधल्या आल्फ्रेदो यांच्या उपाहारगृहात नेऊन तो खाऊ घातला होता. वस्तू जिथे उत्तम होते, तिथूनच ती घ्यायची, आणि ती आपल्या घराच्या तालात बसवायची.

आणखी एका मराठी कन्येचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजे १९२४ साली इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी विवाहबद्ध झाल्या. या तरुण दांपत्याची मॅन रे यांनी काढलेली छायाचित्रे आजही जगभरच्या संग्रहालयांत लागतात. त्यांत दोघे हसत, एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात आणि राजेपणाचा कसलाही ताठा त्यांच्या चेहऱ्यावर नाही. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी मात्र पुढे त्यांना मराठा पोशाखात बसवून रंगवले. प्रत्येकी सुमारे सत्तेचाळीस कॅरटचे, नासपतीच्या आकाराचे इंदूरचे दोन हिरे त्या चित्रात संयोगिताराजेंच्या गळ्यात आहेत. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या रसिकतेवर मोठे प्रदर्शन भरले. आपल्यापैकी जे पॅरिसच्या आसपास राहतात, त्यांतल्या काहींनी ते पाहिले असेल.

इंदिरादेवींचे उत्तरायुष्य मुंबईत गेले आणि सप्टेंबर १९६८ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जाण्याच्या सुमारास बडोद्यात आमच्या घरी माझ्या आत्याकडे एक शिफॉनची साडी होती. ती राजघराण्यातली नव्हती, तिच्या लग्नात आलेली होती. फिकट गुलाबी, अंगाला बुट्टी नाही, काठ मागाहून शिवून लावलेला, कारण शिफॉनला आपल्या पैठणीसारखा विणलेला काठ नसतो. आत्या ती धुऊन कधी दोरीवर वाळत घालत नसे. ओली साडी आम्ही दोघी मुली दोन टोकांना धरून उभ्या राहायचो आणि ती हातातल्या हातात वाळायची. पिळदार धाग्यामुळे तिचा पोत किंचित खरखरीत लागे, पण अंगावर घेतली की वजनच जाणवत नसे. साडी झिरझिरीत असल्यामुळे आत त्याच रंगाचा रेशमी परकर हवाच, असा आत्याचा दंडक होता.

ती साडी आता माझ्याकडे आहे आणि आज मी ती बरोबर आणली आहे. काल रात्री भाषणाची तयारी करताना मी तिला टेप लावून पाहिली. पन्हा बरोबर पंचेचाळीस इंच भरला. चहाच्या टेबलाशेजारी ती पांढऱ्या चादरीवर पसरून ठेवली आहे. हात स्वच्छ पुसून ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी. लहान मुलींनी तर तिची दोन टोके धरून उभे राहून पाहावे.