करंडक हातात, लीगमध्ये सतरावा नंबर

[दृश्य : सात रस्ता, रात्रीची वर्दळ. चहाच्या गाडीभोवती चौघंजण, मधोमध एक मोबाईल.]

21 मे 2025. स्पेनमधलं बिल्बाओ शहर. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये लंडनच्या टॉटनम क्लबने मँचेस्टर युनायटेडला 1-0 असं हरवलं. सोलापुरात तोवर 22 तारीख लागली होती आणि घड्याळात अडीच वाजत आले होते. टॉटनमचा 2008 नंतरचा हा पहिला करंडक. युरोपातला तर 1984 नंतरचा पहिला.

6 जूनच्या रात्री क्लबने मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला काढून टाकलं. मधे गेले होते सोळा दिवस.

दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती, रस्त्यावर खरेदीची गर्दी होती. त्या गर्दीतही या गाडीवर वाद पेटला, तो पुढे कित्येक आठवडे विझला नाही. आपलं गाव काही फुटबॉलचं नाही. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, अख्खं शहर दोन बाजूंना वाटलं जातं. आपल्याकडे पार्क मैदान म्हटलं की आधी क्रिकेट आठवतं. पण पूर्वभागापासून नई जिंदगीपर्यंत रात्र जागून इंग्लंडची प्रीमियर लीग पाहणारी माणसं आहेत. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य तेलुगूतून फिरून दख्खनीत संपतं. त्यांचं भांडण ऐकावं असं वाटलं, कारण ते आकड्यांवर भांडतात.

[दृश्य : कारखान्यातला यंत्रमाग, टॉवेलचं कापड पुढे सरकतंय. आवाज हळूहळू कमी.]

टॉटनमचा सगळ्यात जुना चाहता यंत्रमाग कामगार आहे. कोरियन खेळाडू सन ह्युंग-मिनसाठी टॉटनम पाहायला लागला, मग क्लबचाच होऊन गेला. मॅनेजरला काढलं हे ऐकून तो दोन दिवस नीट बोलला नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. सतरा वर्षं कुणाला जमलं नाही ते या माणसाने केलं. दुसऱ्या मोसमात आपण नेहमी काहीतरी जिंकतो, असं तो सप्टेंबर 2024 मध्ये सगळ्यांसमोर बोलला होता. लोक हसले. त्याने करून दाखवलं. मग आता काय बे पाहिजे?

समोर उभा असतो औषध दुकानदार. युनायटेडचा समर्थक. त्या मोसमात त्याची टीम टॉटनमशी चार वेळा खेळली आणि चारही वेळा हरली, म्हणजे पोस्टेकोग्लूवर त्याचा राग असायचं कारण आहेच. पण तो शांतपणे तक्ता उघडतो. 38 सामने, 22 पराभव, 38 गुण, सतरावा नंबर. वीस संघांच्या लीगमध्ये खाली घसरणारे तीन सोडले, तर त्यांच्या लगेच वरचा. ‘‘मालक, करंडक एका रात्रीचा असतोय. लीग ऑगस्ट ते मे.’’

क्लबनेही काढताना हाच तक्ता पुढे केला होता. शेवटच्या 66 लीग सामन्यांत 78 गुण, असं निवेदनात लिहिलं होतं. या आकड्यावर गाडीवर जेवढी चर्चा झाली तेवढी फायनलच्या गोलवरही झाली नसेल. कारण पोस्टेकोग्लूचे लीगमधले एकूण सामने 76. पहिल्या मोसमात 66 गुण, दुसऱ्यात 38, बेरीज 104. त्यातून 78 वजा केले की उरतात 26, ते पहिल्या दहा सामन्यांचे. आठ विजय, दोन बरोबरी, लीगमध्ये पहिला नंबर. टॉटनमचा हुकमी गोल करणारा हॅरी केन जर्मनीच्या बायर्न म्युनिकला निघून गेल्यानंतरचे हे दहा सामने होते.

कामगाराला हे अजून खुपतं. हिशोब अकराव्या सामन्यापासून का सुरू केला?

माझ्या मते त्याचं उत्तर त्या अकराव्या सामन्यातच आहे.

6 नोव्हेंबर 2023. चेल्सीविरुद्ध घरच्या मैदानावर. टॉटनमचा बचावपटू रोमेरोला लाल कार्ड, नंतर दुसरा बचावपटू उडोगीला लाल कार्ड. मिकी व्हान द व्हेनचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला, मॅडिसनचा घोटा गेला. नऊ खेळाडू उरले तरी टॉटनमची बचावफळी मधल्या रेषेजवळच उभी. स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि निकाल लागला 4-1 हार. ती टाळी मला आजही कळते. नऊ जणांनिशी आपलाच खेळ खेळायचा हट्ट पाहताना अंगावर काटा येतो. पण तोच हट्ट पुढच्या मोसमात टीमच्या अंगावर आला.

[दृश्य : सिद्धेश्वर तलावाचा काठ, सकाळ. धावणारी मुलं, स्ट्रेचिंग.]

गटात एक फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. वाद रंगला की दोघेही तिच्याकडे वळतात. ती सांगते, मांडीमागचा हा स्नायू बहुधा पूर्ण वेगात पळताना फाटतो. पाय पुढे टाकला जातो, गुडघा सरळ होत जातो, आणि त्या क्षणी स्नायू ताणला जात असतानाच पायाला ब्रेकही लावत असतो. बचावपटू मधल्या रेषेवर उभा असेल, तर मागे पडलेल्या प्रत्येक चेंडूसाठी त्याला चाळीस-पन्नास मीटर जिवाच्या आकांताने पळावं लागतं. दर तीन-चार दिवसांनी सामना, त्यात हे. ‘‘काका, दुखापतीला नशीब म्हणायचं तर एकदा म्हणा. मोसमभर तेच झालं तर पळायला कोण लावतंय ते बघा.’’

डिसेंबर 2024 ची गोष्ट ती आवर्जून सांगते. रोमेरो आणि व्हान द व्हेन दुखापतीतून एकदम परत आले, परत चेल्सीविरुद्धच. रोमेरो पंधरा मिनिटांत बाहेर, व्हान द व्हेनही सामना पुरा करू शकला नाही. 2-0 ची आघाडी गेली आणि टॉटनम 4-3 हरलं. गोलकीपर विकारियोचा घोटा तर आधीच मोडला होता. मँचेस्टर सिटीला 4-0 हरवलं त्या सामन्यात तो मोडक्या घोट्यावर उभा होता. मग अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मिडफिल्डर, आठवड्यामागून आठवडे सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळला.

इथे वादाचा रोख मॅनेजरवरून टीमकडे वळतो, आणि माझा जीव गुंततो तो इथेच.

दुकानदार म्हणतो, टीमच सुमार होती. मला हे पटत नाही. लीगमध्ये त्यांनी 64 गोल केले, युनायटेडने 44. सतराव्या नंबरची टीम एवढे गोल करत नाही. खाल्ले 65, म्हणजे गोलफरक फक्त उणे एक. पहिले अकरा जण चांगले होते. अकरांच्या मागे कोण होतं, प्रश्न तो आहे. 2024 च्या उन्हाळ्यात क्लबने स्ट्रायकर सोलांकीसाठी मोठी रक्कम मोजली. पण त्याच्यासोबत आलेले ग्रे, बर्गवाल आणि ओडोबेर तिघेही विशीच्या आतले. उद्याची गुंतवणूक म्हणून उत्तमच. पण गुरुवारी युरोप आणि रविवारी लीग असं खेळणाऱ्या संघाला आजची माणसं लागतात.

कामगार आपल्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सूत कच्चं दिलं आणि धागा तुटला, तर कारागिराला बोल लावायचा नसतो. विद्यार्थिनी लगेच विचारते, आणि माग दुप्पट वेगाने कुणी चालवला?

दोघांचंही खरं आहे. फायनलमध्ये मॅडिसन, कुलुसेव्स्की, बर्गवाल तिघेही दुखापतीमुळे बाहेर होते. त्या रात्री पोस्टेकोग्लूने आपला हट्ट बाजूला ठेवला. सन बेंचवर बसला. पहिल्या हाफच्या शेवटाकडे ब्रेनन जॉन्सनने गोल केला, मग संघ खोल बसला, चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडे राहिला. व्हान द व्हेनने हवेत झेप घेऊन गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला. म्हणजे या माणसाला बदलता येत होतं. लीगमध्ये तो वेळेवर बदलला नाही, आणि माझ्या लेखी त्याची खरी चूक तीच.

[दृश्य : कागदावर पेनाने लिहिलेली नावं, एकाखाली एक.]

एका रात्री दुकानदाराने बिलाच्या मागे टॉटनमने काढलेल्या मॅनेजरांची नावं लिहिली. पोचेटिनो : चॅम्पियन्स लीग फायनलनंतर साडेपाच महिन्यांत बाहेर, नोव्हेंबर 2019. मोरिन्यो : लीग कपची फायनल सहा दिवसांवर असताना बाहेर, एप्रिल 2021. नूनो : चार महिने. कोन्ते : मार्च 2023. मग पोस्टेकोग्लू. तोवर चेअरमन मात्र 2001 पासून एकच, डॅनिएल लेव्ही. तेही सप्टेंबर 2025 मध्ये पायउतार झाले.

ही यादी पाहताना मला खटकतं ते वेगळंच. मोरिन्यो मागे बसून खेळवणारा. कोन्तेला तीन सेंटर-बॅक आणि दोन्ही कडांनी पळणारे विंग-बॅक हवेत. पोस्टेकोग्लू फुल-बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, आत मिडफिल्डमध्ये खेचणारा. पेद्रो पोरो कोन्तेच्या काळात विंग-बॅक म्हणून आला आणि सहा महिन्यांत त्याला दुसराच खेळ शिकावा लागला. प्रत्येक मॅनेजर आधीच्याच्या पसंतीचे खेळाडू घेऊन खेळतो, आणि त्याची स्वतःची टीम जुळायच्या आत निघून जातो.

पुढे मॅनेजर म्हणून ब्रेंटफर्ड क्लबचे थॉमस फ्रँक आले. त्या उन्हाळ्यात कुडूस आला, झावी सिमन्स आला, पलिन्या उसना आला. कामगार प्रत्येक नावाला चहाचा ग्लास खाली ठेवून एकच विचारायचा : हे एक वर्ष आधी का नाही?

सप्टेंबरमध्ये पोस्टेकोग्लू नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचा मॅनेजर झाला, तेव्हा गाडीवर पुन्हा गर्दी झाली. 39 दिवस, आठ सामने, एकही विजय नाही. 18 ऑक्टोबरला चेल्सीकडून 0-3 हार झाली, आणि शिट्टी वाजून काही मिनिटं होताहेत तोच त्याला काढल्याची बातमी आली. दुकानदाराला वाटलं, आता वाद संपला.

संपला नाही. फॉरेस्टची ती टीम यादीतल्याच नूनोने बांधलेली होती. खोल बसायचं, चेंडू हिसकावला की पळायचं, याच खेळावर ती आधीच्या मोसमात सातवी आली होती. तिला मोसमाच्या मधे मधल्या रेषेवर आणून उभं केलं. फॉरेस्टने पोस्टेकोग्लूच्या जागी शॉन डायशला आणलं, बचाव घट्ट करणारा माणूस. हातात असलेले खेळाडू पाहून मॅनेजर निवडला. टॉटनमच्या यादीत 2019 पासून असं एकदा तरी झालंय का, हा विद्यार्थिनीचा प्रश्न होता. दुकानदाराने बिलाचा कागद पुन्हा खिशातून काढला आणि दोघे मिळून एकेक नाव तपासायला लागले.