गोळी दिली म्हणजे हात टेकले?

स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलाय असं कळतं, आणि डॉक्टर केमो न देता रोजची एक गोळी लिहून देतात. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात. ‘हात टेकले वाटतं.’ मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे पेशंट येत नाही, तिच्या गाठीचा तुकडा येतो. म्हणून हे वाक्य मी फार उशिरा ऐकलं, माझ्याच एका मावशीच्या वेळी. आज त्या गोळीबद्दल, म्हणजे गाठीला वाढवणाऱ्या हार्मोनला अडवणाऱ्या गोळीबद्दल, बोलतो.

गोष्ट ग्लासगोची. जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनला शेतकऱ्यांकडची एक माहिती ठाऊक होती: व्यालेल्या गाईचं अंडाशय काढलं, तर ती दूध देतच राहते. म्हणजे अंडाशयाचा आणि स्तनाचा काहीतरी धागा आहे. 1895 मध्ये त्याने 33 वर्षांच्या एका बाईची अंडाशयं काढली. तिचा कर्करोग हाताबाहेर गेलेला होता. गाठी विरत गेल्या. 1896 मध्ये त्याने हे छापलं, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो 1905 चा.

पुढे इतरांनीही हे ऑपरेशन केलं, आणि लक्षात आलं की उपयोग साधारण तिघींतल्या एकीलाच होतो. कोणत्या एकीला, ते आधी सांगता येत नव्हतं. म्हणजे एकीसाठी दोघींची अंडाशयं फुकट जायची. हा पेच पाऊणशे वर्षं सुटला नाही.

तो सोडवला शिकागोच्या एल्वुड जेन्सनने. त्याने इस्ट्रोजेनला, म्हणजे अंडाशयात तयार होणाऱ्या हार्मोनला, किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांना टोचलं. बाकी अवयवांतून ते वाहून गेलं, गर्भाशयाने मात्र धरून ठेवलं. धरणारं काहीतरी तिथे होतं, तोच रिसेप्टर. काही स्तनांच्या गाठींत तो असतो, काहींत नसतो. 1974 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे ठिकठिकाणचे आकडे एकत्र मांडले गेले. रिसेप्टर असलेल्यांपैकी 55 ते 60 टक्के बायकांना हार्मोनच्या उपचाराचा गुण आला होता. नसलेल्यांत जेमतेम 8 टक्के.

पण मग उरलेल्या चाळीसेक टक्क्यांचं काय? रिसेप्टर असून गुण का नाही? इथे मला सगळ्यात आवडणारी कल्पना येते, विल्यम मॅग्वायर आणि कॅथरीन हॉर्विट्झ यांची, 1975 ची. भिंतीवर बटण आहे म्हणून दिवा लागेलच असं नाही. आत वायर तुटलेली असू शकते. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर खरंच काम करत असेल, तर त्याच्या हुकमाने पेशीत प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर तयार होतो. तोच दिवा. दोन्ही असले तर गुण येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून रिपोर्टवर ईआर आणि पीआर अशी दोन नावं असतात.

याच तर्काने आपल्याकडचा एक आकडा वाचा. मुंबईत 798 गाठी तपासल्या, निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. ईआर पॉझिटिव्ह फक्त एक तृतीयांश. आणि सुमारे एक पंचमांश गाठी अशा, की पीआर आहे पण ईआर नाही. बटण नसताना दिवा! असं क्वचित घडतं, पण पाचात एक? आपल्याकडे रुग्ण तरुण असतात आणि तरुणींत ईआर कमी आढळतो, हे खरं. तरी मला संशय फॉर्मलिनचा, म्हणजे गाठ टिकवणाऱ्या द्रवाचा, येतो.

गाठ काढली की तासाभरात ती फॉर्मलिनमध्ये पडायला हवी, तीही कापून. अख्खी गाठ छोट्या बरणीत कोंबली, तर औषध आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग नासतो. सहा तासांपेक्षा कमी नको, 72 पेक्षा जास्त नको. शनिवारी काढलेली गाठ बुधवारी माझ्या टेबलावर आली, तर मी काय रंगवू? रिसेप्टर असलेल्या पेशींवर रंग चढतो, त्यावरूनच तो कळतो. अशा वेळी मी गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिका बघतो. त्यांच्या काही पेशींवर रंग चढायलाच हवा. तिथेही नसेल, तर गाठ निगेटिव्ह नाही, तपासणी फसलेली आहे. आणि त्या ‘निगेटिव्ह’ शब्दापायी एका बाईची गोळी जाते.

एक टक्का पेशी रंगल्या तरी आज आम्ही पॉझिटिव्ह म्हणतो. एक ते दहा टक्क्यांना ‘कमी पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहितो, कारण तिथे गोळीचा भरवसा कमी. आजार उलटला तर, जमत असेल तिथे, नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासावा. मूळ गाठीत असलेला रिसेप्टर तिथे कधी कधी नसतो.

गोळी दुबळी नाही. पाळी गेलेल्या बायकांत नुसत्या लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीने आजार थोपण्याचा मध्यक काळ 14.5 महिने होता. पेशींची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिब ही दुसरी गोळी जोडल्यावर तो 24.8 झाला. जोडगोळीच म्हणा. फक्त ती सावकाश काम करते. टॅमॉक्सिफेन ही रिसेप्टर अडवणारी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हाडं उलट जास्तच दुखू शकतात. मावशीची दुखली. तिने गोळ्यांचं पाकीट उशाखाली लपवलं आणि घेतल्या म्हणून सांगत राहिली. तिसऱ्या आठवड्यात चादर बदलताना ते माझ्या बहिणीच्या हाती लागलं. त्या रात्री मी मावशीजवळ बसून बटण आणि दिवा समजावला. ‘मग एवढं आधी सांगायला काय झालं होतं,’ म्हणाली, आणि पाणी मागितलं.