पुन्हा पुन्हा विचारलेला एकच प्रश्न

नमस्कार, श्रोतेहो.

"तू माझ्यावर चिडला नाहीस ना?"

एका संध्याकाळी माझ्या बायकोने मला हे अकरा वेळा विचारलं. मी मोजत होतो, आणि मोजत होतो याचीच आज खंत वाटते. दर वेळी मी म्हणायचो, "नाही गं, कशाला चिडू?" दोन मिनिटं तिचा चेहरा निवळायचा. मग बाहीचं टोक बोटांनी पिळणं सुरू, आणि पुन्हा तोच प्रश्न.

तिला चिंताविकार आहे. तिला विचारूनच आज हे तुमच्याशी बोलतोय.

काळजी कुणाला नसते? पण ती सहा-सहा महिने जवळपास रोज मानगुटीवर बसते, झोप उडवते, मान-खांदे आखडून टाकते, कामात लक्ष लागू देत नाही, तेव्हा त्याला आजारच म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. त्यांतल्या कितीतरी जणांच्या शेजारी माझ्यासारखं कुणीतरी असेल, जीव लावणारं आणि काय करावं ते न सुचणारं.

मला सुचलं ते मी केलं. धीर देत राहिलो. तिचे फोन मी घ्यायला लागलो, कुठे जायचं असलं की "तिला बरं नाही" असं परस्पर कळवू लागलो. वाटायचं, मी तिला जपतोय. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एकदा मलाही समोर बसवलं आणि समजावलं, की खात्री दिली की घटकाभर बरं वाटतं, पण मन शिकतं की ही खात्री मिळाल्याशिवाय आपला निभाव नाही. प्रसंग टाळला की भीती आणखी मूळ धरते. ऐकताना मला फार वाईट वाटलं.

पण म्हणून एकदम उत्तर देणं बंद करायचं नाही, तो दुष्टपणा होईल. एका निवांत दिवशी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की पहिल्यांदा विचारलंस तर उत्तर देईन, नंतर एवढंच म्हणेन, "याचं उत्तर दिलंय. आता मी इथेच बसतो." पहिल्या वेळी ती रडली. माझ्याही पोटात कालवाकालव होत होती. बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी ती आपणहून उठली आणि खिडकी लावून आली.

पॅनिक अटॅक येतो तेव्हाची गोष्ट वेगळी. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हात गार पडतात, आता आपण मरणार असं वाटतं. पहिल्यांदा असं झालं तर मनानेच निदान करू नका, डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. पॅनिकचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. "शांत हो" म्हणून कुणी शांत होत नाही. मी विचारतो, "हात धरू का?" कारण कधी कधी तिला स्पर्शही सोसत नाही. आणि मी स्वतः सावकाश श्वास सोडत राहतो. हळूहळू तिचाही श्वास लांबतो.

उपचार मात्र तज्ज्ञांचेच. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतात. मी नवरा आहे, डॉक्टर नाही, हे मला स्वतःला बजावावं लागलं. माझं संध्याकाळचं फिरणं सुटलं होतं, ते तिनेच पुन्हा सुरू करायला लावलं.

परवा एक कामाचा फोन तिने स्वतः घेतला. आवाज कापत होता. मी शेजारच्या खोलीत होतो. उठावंसं वाटलं, उठलो नाही. फोन ठेवून ती आली आणि म्हणाली, "घाम फुटला होता मला." त्या संध्याकाळी तो प्रश्न तिने दोनदाच विचारला.