मोटरहोममधली ऊब: जाळाची हवा वेगळी, श्वासाची हवा वेगळी

(दृश्य: रात्र. उभी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, थर्मल कॅमेऱ्यातून.)

निळ्या भागात पत्रा गार आहे, म्हणजे आतली ऊब आतच आहे. पिवळ्या-पांढऱ्या भागातून ती बाहेर चालली आहे. ड्रायव्हरसमोरची काच बघा. एकेरी काच, एवढी मोठी, आणि सगळ्यात जास्त उष्णता इथूनच जाते. त्याखालोखाल पुढचे दोन दरवाजे आणि छतावरची झडप. मागच्या खिडक्या मात्र निळ्याच्या जवळ आहेत, कारण त्यांत प्लास्टिकचे दोन थर आहेत आणि मधे हवा कोंडलेली आहे.

आता त्याच काचेवर जाड आवरण चढवलंय. हीटरला हातही लावलेला नाही. रंग कसा उतरला ते बघा.

(दृश्य: वर्कशॉपचं टेबल. डिझेल हीटर, झाकण काढलेलं.)

हा डिझेलवर चालणारा एअर हीटर. ताकद २ किलोवॅट, लांबी हातभरही नाही. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांनी असे हीटर ट्रकच्या केबिनसाठी वर्षानुवर्षं बनवले. मोटरहोममध्येही तेच बसतात, सीटखाली किंवा एखाद्या कपाटाच्या तळाशी. हीटर घेताना लोक किलोवॅट विचारतात, आवाज किती येतो ते विचारतात. जाळाला लागणारी हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. आम्ही हा हीटर उघडला तो त्यासाठीच.

मधे ही एक मोटर. तिच्या दोन टोकांना दोन पंखे. बाहेरच्या बाजूचा मोठा पंखा खोलीतली हवा ओढतो आणि गरम करून खोलीतच परत सोडतो. आतल्या बाजूचा लहान पंखा गाडीखालून हवा आणतो, आणि ती फक्त जाळासाठी. या दोन हवांच्या मधे ॲल्युमिनियमचं हे ओतीव नळकांडं आहे, बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचं. जाळ त्याच्या आत, खोलीची हवा त्याच्या बाहेरून. उष्णता धातूतून पलीकडे जाते. हवा जात नाही. या यंत्राचं सगळं मोल या एका भिंतीत आहे. ती तडकली किंवा तिचं गॅस्केट खराब बसवलं, तर बाकीचे भाग कितीही उत्तम असोत, हा हीटर माणसं झोपतात तिथे चालवायचा नाही.

(दृश्य: ग्लो प्लग, अगदी जवळून.)

बटण दाबलंय. ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारी विजेची कांडी, आधी काळपट लाल होतो, मग नारिंगी. या मिनिटभरात तो १२ व्होल्टच्या बॅटरीतून आठ-दहा अँपिअर खेचतो. बॅटरी थकलेली असेल तर टाकीत डिझेल असूनही हीटर इथंच हार मानतो.

आणि आता ऐका. टक. टक. टक. हा डिझेलचा पंप. प्रत्येक ठोक्याला मोजून थेंबभर इंधन. ऊब वाढवायची की ठोके जलद होतात, कमी करायची की संथ. हा पंप आडवा बसवत नाहीत, तोंड वर करून तिरका बसवतात, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकून राहत नाही. थेंब धातूच्या जाळीवर पडतो, त्याची वाफ होते, वाफ पेटते. जाळ धरला असं सेन्सरने कळवलं की ग्लो प्लग बंद होतो आणि विजेचा खर्च एक-दोन अँपिअरवर येतो. संथ चालताना तासाला साधारण ०.१ लिटर डिझेल लागतं, पूर्ण जोरात पाव लिटरच्या आसपास.

बंद करतानाचा भागही मुद्दाम पूर्ण ठेवलाय. इंधन थांबलं, पंखा अजून फिरतोय. आतला धातू निवेपर्यंत काही मिनिटं तो फिरतच राहणार. या वेळात मेन स्विच बंद करू नका.

(दृश्य: दुसरा हीटर. ज्वलनकक्षात काजळी.)

हा हीटर कायम मंद आचेवर चालवलेला. मंद आचेवर जाळ पुरेसा तापत नाही आणि काजळी धरते. उंच डोंगरावर हवा विरळ, पण पंप तेवढंच डिझेल ढकलतो, म्हणून तिथेही हेच होतं. त्यासाठी उंचीप्रमाणे इंधन कमी करणारी सोय असलेले हीटर मिळतात. एरवी अधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालवला की बरीच काजळी जळून जाते.

(दृश्य: गाडीखालून. दोन नळ्या.)

ही बारीक नळी हवा घेणारी, ही स्टीलची धूर सोडणारी. दोन्हींची तोंडं एकमेकांपासून लांब हवीत. धुराच्या नळीला सगळ्यात खालच्या वळणावर छोटं भोक आहे, साचलेलं पाणी गळून जायला. तोंड खिडकीखाली नको, दाराजवळ नको, गाडी धावते त्या दिशेने तर नकोच. बर्फात गाडी लावली असेल तर झोपण्याआधी इथं वाकून बघायचं, कारण रात्रीच्या बर्फाने हे तोंड बुजतं. धूर आत आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

(दृश्य: सिलिंडरचा कप्पा. नंतर बाहेरच्या भिंतीवरची धुराची जाळी.)

गॅसवर चालणाऱ्या हीटरमध्येही तीच मांडणी. भिंतीवरच्या या एका जाळीत नळीत नळी आहे: आतल्या नळीतून धूर बाहेर, भोवतालच्या नळीतून ताजी हवा आत. कप्प्याच्या तळाचं भोक बुजवू नका. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळला तर इथून खाली निघून जातो. थंडीत प्रोपेनच भरून घ्यायचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ होणं सोडतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो.

(दृश्य: सकाळ. खिडकीच्या आतून ओघळणारं पाणी.)

या गाडीत खुल्या जाळाचा, नळी नसलेला गॅस हीटर लावला होता. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. धूर बाहेर नेणारी नळी असेल तर ते पाणी वाफेच्या रूपात बाहेर जातं. नळी नसेल तर इथं, काचेवर, गादीखाली, भिंतीच्या लाकडात. आणि तो जाळ आपल्याच वाट्याचा ऑक्सिजन खातो. झोपायच्या जागेत असा हीटर नकोच, या मतावर मी ठाम आहे.

(दृश्य: सोफ्यामागचे रेडिएटर.)

ही ओली पद्धत, स्वीडनच्या आल्डे कंपनीची ओळख. हवेऐवजी ग्लायकोल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं गरम पाणी भिंतीलगत फिरतं. पंख्याची घरघर नाही, ऊब सगळीकडे सारखी. वजन जास्त, गाडी तापायला वेळ जास्त.

विजेचं थोडक्यात: १ किलोवॅटचा हीटर १२ व्होल्टवर ८० हून जास्त अँपिअर मागतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात संपेल. म्हणजे बाहेरची वीज जोडलेली असेल तरच.

(दृश्य: छोटी झडप. खाली पाणी सांडतंय.)

ही गळती नाही. जर्मनीच्या ट्रुमा कंपनीच्या कॉम्बी हीटरमध्ये हवेबरोबर १० लिटर पाणीही तापतं. गाडी बंद पडून राहिली आणि तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की ही झडप आपोआप उघडते आणि टाकी रिकामी करते, पाणी गोठून ती फुटण्याआधी.

(दृश्य: पलंगाजवळचा अलार्म. बोट बटणावर.)

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक बघा. त्यातला भाग २ फिरत्या वाहनांसाठी आहे. तो वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. धुराची नळी तपासून होईपर्यंत हीटर पुन्हा लावायचा नाही. आणि अलार्म उलटा करून तारीख वाचा. आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो. तारीख उलटली असेल तर बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी अलार्म बदला, कारण हे बटण भोंगा आणि बॅटरी तपासतं, सेन्सर तपासत नाही.