चेतक आणि तिच्याभोवतीची माणसं

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी स्कूटर कलती केली आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! चालू होईना की गाडी एका अंगावर कलती करायची, क्षणभर थांबायचं, सरळ करायची आणि किक मारायची. हे आपण कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, शेजारच्या काकांनी दाखवलं. बजाजची चेतक स्कूटर ही एकट्याची गाडी कधीच नव्हती, हेच मला आज सांगायचं आहे.

तिचं मूळ इटलीतलं. पियाज्जिओ कंपनीने 1946 साली व्हेस्पा ही स्कूटर आणली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंता. मोटरसायकल त्यांना आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढायची कटकट. म्हणून त्यांनी साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी नेऊन पत्र्याखाली झाकलं आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. नट सोडले की चाक हातात. स्टेपनी चढवा आणि निघा. समोर पाय ठेवायला सपाट जागा. धोतर नेसलेले आजोबा आणि नऊवारीतली आजी या गाडीवर बसू शकले, ते या आखणीमुळे.

बजाज ऑटो आधी परवान्यावर व्हेस्पाच बनवत होती. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. पुढे साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' निघाली, तीही याच घराण्यातली.

आता नंबराची गोष्ट. माझ्या वडिलांनी पैसे भरून नाव नोंदवलं तेव्हा मी बालवाडीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा सातवीत. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हेसुद्धा तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे रांग वर्षानुवर्षं हलत नसे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे, पण आमचं परदेशात कोण असणार? 1983 साली पत्र आलं. 'नंबर लागला' हे दोन शब्द वडिलांनी वाड्याच्या दारातूनच ओरडून सांगितले. स्कूटर दारात आली त्या संध्याकाळी आईबरोबर वाड्यातल्या चार बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. आठ बिऱ्हाडांत ती एकच स्कूटर. वाड्यातल्या दोन बाळंतिणी तिच्यावरून दवाखान्यात गेल्या, दहावीची मुलं परीक्षेला गेली. आम्ही चौघं कसे बसायचो ते तुम्हाला सांगायला नको; पुढे हँडल धरून उभा राहणारा मीच. पेट्रोलपंपावर पेट्रोलमध्ये लिटरला किती ऑईल घालायचं, ते मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. 1989 मध्ये टीव्हीवर 'हमारा बजाज' सुरू झालं, तेव्हा 'हमारा' हा शब्द आमच्या वाड्यात अक्षरशः खरा होता.

2009च्या अखेरीस बजाजने स्कूटरचा धंदा बंद करायचं जाहीर केलं. 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली. चांगली गाडी आहे. पण ती कुणाकडून शिकून घ्यावी लागत नाही.

2021 साली नियम आला: पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात. म्हणजे पहिल्या चेतक आता त्या मानाला पोचल्या. पण तशी नोंदलेली गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. आमची 2033 मध्ये पन्नाशीची होईल. मी तो अर्ज करणार नाही. मला तिच्यावरून मंडईत जायचं असतं.

जुन्या स्कूटरवाल्यांचा आमचा मोबाईलवर गट आहे. तिथे लोक सकाळी सकाळी इंजिनाचा नुसता आवाज पाठवतात आणि लगेच तीन गावांहून उत्तरं येतात: जेट साफ कर, पॉइंट घास, प्लग बदल. कुणाकडे मूळ कंपनीची एखादी काच असते, ती तो एसटीच्या पार्सलने पाठवून देतो, पैसे नंतर.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने फोटो टाकला. वडील गेल्यापासून सहा वर्षं जिन्याखाली उभी असलेली चेतक, सीट उंदरांनी खाल्लेलं. 'विकायची नाही, चालू करायची आहे,' एवढंच लिहिलं होतं. पुढच्या रविवारी गटातले आम्ही तिघं पाने-पकड घेऊन गेलो. एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होतो. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडला, नवी क्लच केबल ओवली. दुपारी तीनपर्यंत काही होईना. मग मी त्या मुलीला म्हटलं, "बाबा चालू होत नसली की काय करायचे, आठवतंय का?" तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि स्कूटर कलती केली.