पायाखाली तळं, हातात दोरा

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत एक बर्फघर होतं. बर्फ तयार करायची यंत्रं आपल्याकडे अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. तो बर्फ यायचा थेट अमेरिकेतून. बॉस्टनच्या आसपासची तळी हिवाळ्यात गोठली की करवतीने त्यांच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात दडपायच्या आणि आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने इकडे धाडायच्या. १८३३ साली पहिला माल कलकत्त्याला उतरला, पाठोपाठ मुंबईला. म्हणजे त्या तळ्यांचं थोडं पाणी आपल्याकडच्याही पेल्यांत पडलेलं आहे. निदान श्रीमंतांच्या.

आज मी बोलणार आहे त्या बर्फाखालच्या माशाबद्दल. पण बर्फ समजल्याशिवाय हा मासा हाती लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

त्या तळ्यांच्या बऱ्याच उत्तरेला शॅम्प्लेन नावाचं सरोवर आहे. एका काठाला व्हर्माँट, दुसऱ्या काठाला न्यूयॉर्क राज्य आणि उत्तरेचं टोक कॅनडातल्या क्युबेकमध्ये. लांबी १९० किलोमीटरच्या वर, खोली काही ठिकाणी १२० मीटर. कडाक्याची थंडी पडली की याच्या खाड्या-कोपऱ्यांवर लाकडी खोपटी उभी राहतात. न्यूयॉर्कच्या काठावर पोर्ट हेन्री नावाचं गाव आहे, एके काळी लोखंडाच्या खाणींचं. तिथे तर चांगल्या हिवाळ्यात बर्फावर वाडीच वसते. ही सगळी मंडळी जमतात ती मुख्यतः वीतभरही न भरणाऱ्या एका माशासाठी. त्याचं नाव स्मेल्ट.

आता एवढ्या थंडीत तळं तळापर्यंत गोठून का जात नाही? पाणी सर्वांत जड असतं ते चार अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि गोठतं तेही वरच. बर्फ तर पाण्याहून हलका, तो तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरूण घालतो. वर हवा उणे वीस असली तरी तळाशी साधारण चार अंशांचं पाणी शांत पडून असतं आणि मासे तिथे बिनघोर फिरत असतात. पाण्याने हा एक नियम पाळला नसता, तर तिकडच्या उथळ तळ्यांत मासा टिकता ना.

पण माणसाचं ओझं पेलायला बर्फ किती जाड हवा? तिकडचे ढोबळ आडाखे असे: पायी जायचं तर निदान दहा सेंटीमीटर, बर्फावरची स्कूटर न्यायची तर पंधरा-अठरा, मोटार न्यायची तर वीस ते तीस. हे आकडे मात्र नितळ, काळपट दिसणाऱ्या बर्फाचे. पांढरा बर्फ दिसायला पक्का वाटतो, पण पडलेला हिम भिजून, गोठून तो झालेला असतो. त्याची ताकद निम्मी धरायची. शिवाय वर हिमाची गादी असली की थंडी खाली पोहोचत नाही आणि त्याखालचा बर्फ पातळ राहतो. म्हणून जाणते लोक हातात पहार घेऊन चालतात, दर काही पावलांना ठोकून बघतात. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे असतात. पडलोच पाण्यात, तर ते बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. बर्फ मधूनच गडगडतो, कधी तार छेडल्यासारखा वाजतो. नवख्याची गाळण उडते. जुनी माणसं मान वरही करत नाहीत; थंडीने बर्फ ताणला-आक्रसला की असे आवाज येणारच.

खोपटात शिरलं की आधी भोकं पाडायची. हाती फिरवायचा मोठा गिरमिट असतो, आता बॅटरीवर चालणाराही मिळतो. भोक पडलं की त्यात बर्फाचा चुरा तरंगतो आणि बघता बघता पुन्हा गोठायला लागतो. तो काढायला लांब दांड्याचा झारा वापरतात, अगदी आपल्या तळणीतला. मला तो बघून हसू आलं. खोपटात माझ्या शेजारी दोरा सोडून बसलेल्या आजोबांना कळेना, बाईला झाऱ्यात काय एवढं हसण्यासारखं दिसलं.

शॅम्प्लेनवर स्मेल्ट गरवायची जुनी रीत हातदोऱ्याची आहे. काठी नाही, चाक नाही. दोऱ्याला शिशाचं लांबट वजन आणि बारीक गरी. आमिष म्हणून बहुतेकदा स्मेल्टचाच तुकडा. मोठे स्मेल्ट आपल्याच जातीची पिल्लं खातात, त्यामुळे चुलत्याचा तुकडा त्यांना वर्ज्य नाही. दोरा वीस-तीस मीटर खाली सोडायचा, वजन तळाला टेकलं की थोडा वर घ्यायचा आणि हात हळूहळू वर-खाली करत बसायचं.

इथे खरं कसब. स्मेल्ट हिसका देत नाही. दोरा किंचित जड होतो, किंवा उलट, अचानक हलका होतो. बस्स, एवढीच खूण. हातमोजे घातले तर कळत नाही आणि काढले तर बोटं बधिर होतात. आजोबा दोरा उघड्या तर्जनीवर ठेवून बसले होते, दुसरा हात शेगडीजवळ. हात आलटून पालटून शेकत त्यांचं काम चाललं होतं. कळलं की दोन्ही हातांनी दोरा झपाझप ओढायचा, मध्ये ढील पडू द्यायची नाही, कारण याचं तोंड नाजूक. मासा बर्फावर पडला की क्षणभर त्याच्या कुशीवर जांभळी-निळी झाक खेळते, मग विझते आणि नुसती चांदी उरते. ताजा मासा नाकाशी धरला तर वास येतो काकडीचा! थट्टा नाही. काकडीला जो वास आहे, तो ज्या रसायनाचा, तेच या माशात असतं.

पुष्कळ जण रात्री बसतात. भोकाजवळ कंदील ठेवला की उजेडाला पाण्यातले सूक्ष्म जीव जमतात आणि त्यांच्या मागे स्मेल्टचा थवा येतो. थवा आला की घटकाभर हाताला उसंत नसते. गेला, की नुसतं बसायचं. खोपटात शेगडी असते म्हणून झरोका मात्र उघडा ठेवावाच लागतो. बंद खोलीतला शेगडीचा वायू झोपेतच माणूस नेतो.

खाण्याची रीत आपल्याला परकी नाही. डोकं आणि पोट काढायचं, पिठात घोळवून कुरकुरीत तळायचं आणि काट्यासकट खायचं, आपल्या मांदेलीसारखं. जपानमध्ये याच कुळातला वाकासागी नावाचा मासा आहे. तिथे गोठलेल्या तळ्यांवर तंबू ठोकून तो पकडतात आणि तेम्पुरा करून, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळून, खातात. चवीला तोच वरचढ असं ऐकलंय, मी चाखलेला नाही.

आता या माशाची दुसरी बाजू. स्मेल्ट मुळात अटलांटिक किनाऱ्याचा, अंडी घालायला नद्यांत चढणारा. काही तळ्यांत तो फार पूर्वीपासून अडकून राहिला आणि गोड्या पाण्याचा झाला. १९१२ मध्ये मेन राज्यातल्या ग्रीन लेकमधून त्याची अंडी आणून मिशिगनच्या क्रिस्टल लेकमध्ये सोडली. हेतू असा, की सामन माशांना खायला मिळावं. सामन तिथे रुजलेच नाहीत. स्मेल्ट मात्र असा फोफावला, की तिथून निसटून १९२३ मध्ये मिशिगन सरोवरात दिसला आणि पुढे अमेरिका-कॅनडाच्या सीमाभागातल्या पाचही महासरोवरांत पसरला. १९४२-४३च्या हिवाळ्यात ह्युरॉन आणि मिशिगन सरोवरांत तो अचानक प्रचंड संख्येने मेला, आणि काही वर्षांत पुन्हा उभा राहिला.

पाहुणा म्हणून तो निरुपद्रवी नाही. इतर माशांची पिल्लं खातो. शिवाय त्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. स्मेल्टवर जगणाऱ्या ट्राउट आणि सामनच्या अंड्यांत ते जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लं जगत नाहीत. विस्कॉन्सिनमध्येही एक क्रिस्टल लेक आहे. तिथल्या संशोधकांनी तर उन्हाळ्यात अख्खं तळं ढवळून तळाचं थंड पाणी कोमट करून पाहिलं, म्हणजे थंडीच्या या माशाला जागाच उरू नये. संख्या घटली, पण मासा पुरता गेला नाही. चिवटपणात त्याला तोड नाही, हे मानायलाच हवं.

शॅम्प्लेनवर मात्र सध्या चिंता माशापेक्षा बर्फाची आहे. पूर्वी हे सरोवर बहुतेक हिवाळ्यांत या काठापासून त्या काठापर्यंत गोठायचं. आता तसं क्वचितच होतं. २०२३च्या फेब्रुवारीत इथे बर्फ फुटून तीन मासेमार गेले आणि त्या भागातली बर्फावरच्या मासेमारीची मोठी स्पर्धा रद्द करावी लागली. तिघेही वयस्क. ऐन फेब्रुवारीत बर्फ दगा देईल, हे जन्मभराच्या अनुभवात बसत नाही. व्हर्माँटचा कायदा सांगतो, की खोपटावर मालकाचं नाव-पत्ता हवा आणि मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आत, किंवा बर्फ कच्चा झाला तर त्याआधीच, ते उचलायला हवं. आता मुळात खोपटं न्यावं की नको, इथपासून विचार करावा लागतो.

ज्यांच्याकडे बर्फ भरवशाचा नाही, ते वसंताची वाट बघतात. बर्फ वितळला की स्मेल्ट रात्री ओढ्यांच्या तोंडाशी अंडी घालायला येतो. सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ शहरात पूर्वी अशा रात्री किनाऱ्यावर जत्रा भरायची, लोक जाळ्यांनी बादल्याच्या बादल्या भरून न्यायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथला मासा ओसरला. आता तिथे स्मेल्टच्या नावाने मिरवणूक निघते: मोठमोठ्या बाहुल्या, वाजंत्री, चंदेरी कपडे घातलेली माणसं. आणि मिरवणूक संपली की तळलेल्या स्मेल्टसाठी रांग लागते.

नमस्कार.