टेबलाखालचे पाय

हे पाय बघा, ऑफिसात काम करणाऱ्या एका ताईंचे. सकाळी साडेनऊला कॅमेरा टेबलाखाली लावला, आता पावणेबारा वाजलेत, आणि एवढ्या वेळात एकदा डावी चप्पल सरकली तेवढीच काय ती हालचाल. टेबलाच्या वर मात्र फोन, मेल, मीटिंग, सगळं जोरात चालू आहे. ताई आळशी अजिबात नाहीत, दिवसभर राबतात, पण ते राबणं कमरेखाली पोचतच नाही.

(पोटरीचा क्लोजअप)

चालताना ही पोटरी कशी आवळते, सैल सुटते, परत आवळते बघा. दर वेळी आतल्या शिरा दाबल्या जातात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, शिरांमधे बारीक झडपा असतात म्हणून ते परत खाली उतरत नाही. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठीच. शिवाय स्नायू कामाला लागला की रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्यासाठी इन्सुलिनवर फारसा अवलंबून राहत नाही. आणि तासन्‌तास बसून राहिलं की हे सगळंच थंडावतं.

(जुना फोटो, डबलडेकर बस)

ही लंडनची बस. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी इथले ड्रायव्हर आणि कंडक्टर अभ्यासाला घेतले, कारण बस तीच, रस्ता तोच, पण एक जण दिवसभर स्टिअरिंगमागे बसून आणि दुसरा तिकिटं फाडत वर-खाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली निष्कर्ष छापून आले. कंडक्टरना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा. आता कुणी म्हणेल ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, तर मॉरिस यांनी चक्क युनिफॉर्मच्या पँटची मापं काढली! ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली खरी, पण सारख्याच कंबरेचे दोघं घेतले तरी धोका ड्रायव्हरलाच जास्त. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते कंडक्टर काही व्यायामाला जात नव्हते, रोजची नोकरी करत होते आणि त्या नोकरीत जिना होता. आपल्या कामातून तो जिनाच काढून टाकलाय आपण.

हालचाल कमी झाली की हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, काही कॅन्सर, सगळ्यांचाच धोका वाढतो, आणि २०२२ साली जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसं, पुरेशी हालचाल करत नव्हती.

पुरेशी म्हणजे आठवड्याला निदान १५० मिनिटं, थोडा दम लागेल अशी. आधी सांगायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, २०२० मधे जागतिक आरोग्य संघटनेने ती अट काढून टाकली, त्यामुळे आता दोन मजले चढलात तरी ते हिशोबात येतं.

(जिना)

ताईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. रोज लिफ्टने जातात, आज आम्ही विचारलं, जिन्याने याल का, तर लगेच हो म्हणाल्या. पहिला मजला बोलत बोलत झाला. दुसऱ्यावर बोलणं बंद. आता कठडा धरलाय, थांबल्यात.

इथे मी बोलत नाही, त्यांचा श्वास ऐका.